लुकमानच्या गावचे पाहुणे

परदेशी माणूस डोळ्यांत पाणी आणून "माझं घर ते तुमचंच घर" असं म्हणाला, तर त्याला थँक्यू म्हणावं आणि विषय बदलावा. मी तिकीट काढलं.

मी मोहिउद्दीन, दारव्ह्याच्या शाळेतला निवृत्त मराठीचा मास्तर. नाव ऐकून लोक मला उर्दू शाळेत शोधतात आणि बोलणं ऐकून विचारतात, "सर, तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?" तुमचं एवढं वाईट कसं, असं विचारायचा मोह मी नोकरीभर आवरला. घरात मी आणि माझी बायको सुग्राबी बोलतो ती भाषा उर्दूच्या हद्दीत सुरू होते आणि वऱ्हाडीच्या हद्दीत संपते. इथं ती वऱ्हाडीतच सांगतो, म्हणजे कुणाची अडचण नको.

तर लुक. हा फ्रेंच माणूस काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवर भारत बघायला निघाला होता. यवतमाळ रस्त्यावर त्याच्या गाडीचा क्लच गेला आणि त्याचं स्वतःचं पोट गेलं, दोन्ही एकाच दिवशी. गाडी माझा भाचा शादाब याच्या गॅरेजात आली आणि मालक आमच्या पुढच्या खोलीत. सुटा भाग पुण्याहून यायचा होता. तो येईपर्यंत सुग्राबीनं त्याची सेवा केली आणि मी त्याला संध्याकाळी मराठी शिकवलं. मोहल्ल्यानं त्याचं लुकमान करून टाकलं. निघताना तो रडला आणि ते घराचं वाक्य बोलला. त्यानंतर दर वर्षी त्याचा ईदचा संदेश यायचा. एकदा दिवाळीला आला, पण भावना महत्त्वाची.

निवृत्त झाल्यावर माणसाला दोनच गोष्टी सुचतात, घराला रंग देणं किंवा प्रवास. रंग सुग्राबीनं आधीच दिला होता.

"जाऊ म्हणता तर जाऊ," ती म्हणाली, "पण एक डाव त्याले पुन्हा विचारून घ्या. बोलावणं जुनं हाय."

मी मोबाइलवर लिहिलं, जूनमध्ये आम्ही दोघं तुमच्या गावी येत आहोत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एक अंगठा. पिवळा, वर केलेला.

आता या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? ज्या जिल्ह्यात अंगठा म्हणजे सही असते त्या जिल्ह्यातला मी माणूस. अंगठा उठवला म्हणजे व्यवहार पक्का. माझ्याच भाषेत 'अंगठा दाखवणे' असाही एक वाक्प्रचार आहे आणि तो मी कित्येक पिढ्यांना वाक्यात उपयोग करून शिकवला आहे, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. व्याकरण माणसाला वेळेवर कधीच उपयोगी पडत नाही.

पासपोर्टपासून अडचणी सुरू झाल्या. आधारवर मी मोहिउद्दीन, पेन्शनच्या कागदावर मोईनुद्दीन आणि मतदार यादीत मोहद्दीन. खिडकीतल्या बाईंनी तिन्ही कागद पुढे मांडले. "हे तिघं कोण?"

"तिन्ही मीच."

"मग यातला कोण जाऊन राह्यला?"

कोण जाणार हे ठरायला दोन महिने लागले. मग पोलीस चौकशी. माझ्या नावाच्या माणसाची चौकशी जरा सविस्तर होते. सवय आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही. शेजारच्या सदाशिवरावांनी शिपायासमोर साक्ष दिली, "माणूस सोन्यासारखा हाय साहेब. फक्त बोलते लय." हे सदाशिवराव म्हणजे कापूस, तूर आणि सोयाबीनचे मालक. आमची दोन घरं समोरासमोर, मधे एक नाली. एवढ्या वर्षांत नाली तुंबली, पण संबंध तुंबले नव्हते.

व्हिसाचं काम यवतमाळच्या एजंटाकडे दिलं. त्यानं विचारलं, "जायचं कारण?" मी ताठ बसून म्हणालो, "मित्राच्या घरी." त्यानं पेन खाली ठेवलं. "सर, मित्र लिहू नका. मित्र लिहिला की त्याच्या नगरपालिकेचा दाखला लागते, की हा माणूस या पाहुण्याले घरात ठेवणार हाय. पर्यटन लिहा, टूर घ्या, मोकळे व्हा."

मी लुकला दाखल्याचं विचारलं. तो म्हणाला, हॉटेल जास्त सोपं पडेल. आणि एक हसरा चेहरा. सुग्राबीनं तो चेहरा बराच वेळ पाहिला. "हा मले बरोबर वाटत नाई जी," ती म्हणाली. मी तिला समजावलं की युरोपात कागदपत्रांचा लोकांना कंटाळा असतो. मग नागपूरच्या एका टूरमध्ये नाव घातलं. सगळे स्वित्झर्लंडला बर्फ बघायला जातील तेव्हा आम्ही तीन दिवस वेगळे होऊन लुकच्या गावी जायचं, अशी परवानगी काढली. टूरवाला म्हणाला, "काका, बर्फ सोडून खेड्यात कायले जाता? खेडी इथं कमी हायेत का?"

गावाचं नाव पाटीवर मावत नाही एवढं लांब, आणि उच्चार नुसता 'ब्रे'. सदाशिवरावांना हे पटेना. "मंग बाकीची अक्षरं कायले ठेवली?"

"मान राखायला," मी म्हणालो. मराठीत जे लिहिलं ते उच्चारावं लागतं, त्यामुळे आपल्यात फसवणूक लवकर कळते. फ्रेंच मात्र शेवटपर्यंत कळू देत नाहीत. पण गावाशेजारी मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे आणि जूनमध्ये मोठी शर्यत असते, एवढं सांगितल्यावर आमची किंमत गल्लीत वाढली. शर्यत म्हटली की आमच्याकडे शंकरपट, बैलांची. मोटारींची शर्यत बघायला कोणी मास्तर जातो हे प्रथमच घडत होतं. सदाशिवरावांचा अक्षय तेव्हा पुण्यात मोटारींचंच इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं मला फोनवर गाड्यांची नावं घोकून घेतली. सदाशिवरावांनी तिकडे सोयाबीनला भाव काय ते विचारून यायला सांगितलं. त्यांच्या घरच्या विजयमाला वहिनींनी कैरीचं लोणचं दिलं, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवता चढवता बरणीचा कलिंगडाएवढा गोळा झाला. आमचे पीटीचे मास्तर धरमसिंग राठोड एकदा दुबईला गेले होते, तेव्हापासून ते विमान या विषयाचे विभागप्रमुख. त्यांनी सांगितलं, "विमानात झोपू नका सर. झोपलं की जेवण पुढं निघून जाते."

आणि सुग्राबीनं रजई भरून घेतली. आपल्याकडचा कापूस, पिंजाऱ्याकडून पिंजून, लाल छिटाचं कापड, आणि टाके तिच्या स्वतःच्या हातचे. "त्याच्या गावाले थंडी असते म्हणत होता," ती म्हणाली. रजई बॅगेत मावेना, म्हणून ती दोरीनं बांधून खांद्यावर. पॅरिसच्या विमानतळावर एका बाईंनी मला मागच्या बाजूनं बघून घाईघाईनं रस्ता दिला. मी कुणाला तरी उचलून नेतो आहे असं तिला वाटलं असावं.

टूर बर्फाकडे वळल्यावर आम्ही दोघं रेल्वेनं एका लहानशा स्टेशनवर उतरलो. तिथून ब्रेला दिवसातून एक बस, आणि शर्यतीच्या आठवड्यात ती बंद. म्हणजे ज्या आठवड्यात लोक येतात नेमकी त्याच आठवड्यात. हे ऐकून मला जरा घरच्यासारखं वाटलं. आम्ही चालत निघालो. दोन्हीकडे सपाट शेतं, मधे गायी, लांबवर झाडांची ओळ. राळेगावकडे उतरताना दिसतं तसंच, फक्त कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. गाव आलं आणि माणूस दिसेना. भर दुपारी सगळ्या खिडक्यांना फळ्या, बेकरी बंद, चर्च बंद. आमच्याकडे राजकीय पक्ष बंद पुकारतात तेव्हाही इतकं बंद नसतं. आणि या शांततेवर एकाएकी लांबून एक आवाज उठला, हजार भुंगे एका पिपात कोंडल्यासारखा. सुग्राबीनं माझी बाही धरली. "शर्यतीच्या गाड्या," मी म्हणालो, जसं काही त्या माझ्याच सांगण्यावरून निघाल्या होत्या.

लुकचं दार एका टक्कल पडलेल्या, बिअरचा कॅन धरलेल्या गोऱ्या माणसानं उघडलं. तो लुक नव्हता. मागे आणखी तिघे-चौघे. एकानं बोटानं घरामागची वाट दाखवली. मागे गोठ्यासारखी एक जागा होती. तिथं आमचा लुक एका जुन्या मोटारीखालून अर्धा बाहेर आला होता. तो आमच्याकडे बघत राहिला. कुठं पाहिलंय, कुठं पाहिलंय, असा चेहरा. मग "प्रोफेसर!" असं ओरडून तो उठला, मला मिठी मारली, सुग्राबीसमोर हात जोडले. अगदी मनापासून. आणि मिठी सुटता सुटता त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही खरंच आलात," तो इंग्रजीत म्हणाला.

अडचण अशी होती की शर्यतीच्या आठवड्यात त्या गावात कोणी आपल्या घरात राहतच नाही. सगळे घर भाड्यानं देतात आणि स्वतः बहिणीकडे, गोठ्यात, गाडीत झोपतात. वर्षाची तजवीज त्या एका आठवड्यावर. लुकचं घर इंग्रजांनी घेतलं होतं. तो आणि त्याची बायको मारतीन गोठ्याच्या माळ्यावर. ते अंगठ्याचं मी काढलं, तर तो गोंधळला. त्याला वाटलं होतं, भारतातले लोक येतो येतो म्हणतात, ती एक रीत आहे. मी मास्तर असल्यामुळे चूक कुणाची हे लगेच शोधतो. इथं शोधून सापडेना.

पण त्यानं आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही, हे सांगायला हवं. त्याच्या शेताच्या कडेला, शर्यतीच्या पाहुण्यांनी भाड्यानं घेतलेल्या तंबूंच्या रांगेत शेवटी त्यानं आमच्यासाठी एक तंबू ठोकून दिला. त्यात मी बसलो की माझं डोकं छताला आणि झोपलो की पाय बाहेर. सुग्राबीनं आत जाऊन पाहिलं, बाहेर आली, आणि म्हणाली, "हाजीलोक हजले गेल्यावर मिनात तंबूत राह्यतात ना, तसंच समजा." मी तसंच समजलो. मिनात शेजारी बिअर पिऊन गाणी म्हणणारे इंग्रज नसतात, एवढाच फरक. रजई तिनं लुकच्या हातात दिली. त्यानं ती उलगडली, टाक्यांवरून हात फिरवला, गालाला लावली. सुग्राबीचा प्रवासाचा सगळा शीण उतरलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुक धावत आला. शेताच्या उरलेल्या भागात गाड्या लावायची सोय होती, आणि जो माणूस गाड्या लावून द्यायचा तो आलाच नव्हता. "प्रोफेसर, पाच मिनिटं उभे राहाल? फक्त हात दाखवायचा." त्यानं माझ्या अंगावर चमकणारा पिवळा कोट चढवला.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण पाहुण्यानं यजमानाच्या अडचणीला उभं राहावं अशी आपली रीत, आणि फ्रान्समध्ये मी आपल्या रीतीचा एकमेव प्रतिनिधी होतो. ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत चालली. गाड्या येतच राहिल्या. जन्मभर वर्गात मुलं ओळीनं बसवली, आता मोटारी बसवल्या. मोटारी जास्त ऐकतात. काहींनी काच खाली करून माझ्या हातात नाणं ठेवलं. पहिलं नाणं मी परत द्यायला गाडीमागे पळालो, तर मागच्या गाडीनं हॉर्न दिला. शर्यत मला दिसली नाही. शर्यतीला आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर मात्र मी पाहिला.

या दरम्यान सुग्राबी कुठं होती? मारतीनच्या हाताखाली, पाहुण्यांसाठी बटाटे सोलत. "बसून बसून कंटाळा आला," असं तिनं मला सांगितलं. खरं तर तिला कुणी बस म्हटलंच नव्हतं. शिवाय माझा त्या कोटातला हात वर केलेला फोटो तिनं कौतुकानं काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शर्यत'. एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी लुकला शोधत गोठ्यात गेलो तर तो पुन्हा त्या जुन्या मोटारीखाली. फरशी गार असते, म्हणून खाली काहीतरी अंथरलेलं. लाल छिट. कोपऱ्यावर तेलाचा काळा डाग, ताटाएवढा. माझ्या मागून सुग्राबी आली आणि तिनंही पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढं वाकली, रजईचा तेलाचा कोपरा तिनं आत दुमडला आणि चांगली बाजू लुकच्या डोक्याखाली सारली. लुक खालून म्हणाला, "मेर्सी!" त्याला वाटलं असेल मारतीन आहे.

त्या संध्याकाळी शर्यत संपली म्हणून लांबलचक जेवण होतं. अंगणात टेबलं जोडलेली, घरातले इंग्रज, शेजारपाजार, आणि आम्ही. मांस आम्ही टाळलं, वाइनचा प्रश्नच नव्हता, उरलं पाव आणि चीज. त्या चीजच्या वासानं मला आमच्या शाळेच्या कबड्डी संघाची आठवण झाली. वहिनींचं लोणचं मी टेबलावर ठेवलं. एका इंग्रजानं ते चमच्यानं नुसतंच खाल्लं आणि उरलेला वेळ नळाखाली काढला. माझ्याशेजारी लुकची पुतणी क्लेअर बसली होती. कॉलेजात इंग्रजी शिकणारी, हुशार, आणि हातात घेतलेलं काम प्रामाणिकपणे करणारी. हाच तिचा दोष.

लुक उभा राहिला. आमच्याकडे हात करून त्यानं भारताची गोष्ट सुरू केली. क्लेअर प्रत्येक वाक्य माझ्या कानात इंग्रजीतून सांगू लागली. आधी मी मान डोलावत होतो. मोटारसायकल, रस्ता, ताप, लहान शहर. मग तो एका प्रोफेसरवर आला. हा प्रोफेसर रोज संध्याकाळी आजारी माणसाच्या उशाशी येऊन बसायचा आणि त्याला अक्षरं म्हणायला लावायचा. लुकनं पाठ ताठ केली, बोट वर केलं आणि म्हटलं, "अं... अः." सगळं टेबल हसलं. त्याचा 'अः' अगदी बरोबर होता. मीच शिकवलेला.

मग पिवळ्या लापशीवर आला. घरातली बाई रोज दोन्ही वेळा एक पिवळी लापशी आणायची आणि ती संपेपर्यंत दाराबाहेर थांबायची. म्हणून तो खिडकीशी बसायचा. खिडकीखाली एक बकरी बांधलेली असायची. लुकनं तिथं बकरी कशी खायची ते तोंड हलवून दाखवलं. "महिन्यात बकरी लठ्ठ झाली आणि मी बारीक," क्लेअर सांगत होती, हसू आवरत. "आणि निघताना तो रडला, तेव्हा सगळे समजले प्रेमानं रडतो आहे. खरं म्हणजे तो सुटला म्हणून रडत होता." तेवढं सांगून झाल्यावर तिला कळलं की ती कुणाला सांगते आहे. ती लाल झाली आणि पावाचे तुकडे करत बसली.

लुक आमच्याकडे बघून प्रेमानं हसत होता. त्याच्या दृष्टीनं तो आमची थोरवीच सांगत होता. विनोदी माणसाचं हे नेहमीचंच, त्याला रक्त दिसत नाही.

सगळे हसत होते म्हणून सुग्राबीही हसत होती. तिनं मला कोपरानं हलवलं. "काय म्हणून राह्यला जी तो?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. "तुझ्या खिचडीची तारीफ करून राह्यला. म्हणते, त्यानंच वाचलो."

"असं का," ती म्हणाली, आणि तिनं लुककडे बघून छातीवर हात ठेवला. लुकनंही ठेवला. टाळ्या पडल्या.

सकाळी आम्ही निघालो. लुकनं स्टेशनपर्यंत त्या जुन्या मोटारीतून सोडलं, पुन्हा मिठी मारली, पुन्हा या म्हणाला. सोयाबीनचा भाव विचारायचा राहिला.

आता खरं म्हणजे दारव्ह्यात उतरल्यावर माणसानं थकलो म्हणून झोपावं. पण घराचं कुलूप काढायच्या आत सदाशिवराव समोरून आले. "सर! तुमी तं तिकडं हापिसर होते म्हणे!"

तो पिवळा कोट. गल्लीनं फोटो पाहिला होता, शर्यत हा शब्द वाचला होता, वर केलेला हात पाहिला होता, आणि निष्कर्ष काढला होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, धरमसिंग राठोड उभे होते, कोपऱ्यावरचा टेलर मशीन सोडून आला होता. आणि मला तो तंबू आठवला, तो 'अः' आठवला.

"हो," मी म्हणालो. "थोडीफार व्यवस्था होती आपल्याकडे."

एकदा जीभ घसरली की ती उतारालाच लागते. लुकमाननं स्वतःचं घर सोडून दिलं, हे मी सांगितलं. खोटं नव्हतं, फक्त कुणासाठी ते सांगितलं नाही. शेतात आमच्यासाठी खास बंदोबस्त केला. शेवटच्या दिवशी सगळ्या गावासमोर आमच्यावर भाषण केलं. लोक भारावले. पुढच्या आठवड्यात वाचनालयात शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला आणि 'फ्रान्समधील मोटार शर्यतीचे नियोजन' या विषयावर मी पाऊण तास बोललो. प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, गाड्या किती वेगानं जातात? मी म्हणालो, माझ्यासमोर आल्यावर हळू व्हायच्या. सभागृहात आदर पसरला.

सुग्राबी मागच्या ओळीत बसली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "नारळ फोडू का ठेवू?"

आणि मग अक्षयची निवड झाली. त्याच्या कॉलेजानं काही मुलांना सहा महिने फ्रान्सला पाठवायचं ठरवलं, आणि काम ब्रेपासून दोन तासांवरच्या कारखान्यात. सदाशिवराव पेढे घेऊन आले ते आमच्या घरात बसलेच. "आता मले काळजीच नाई. पोरगा आधी सरळ लुकमानकडंच उतरते. चार दिवस राहील, तेच त्याले खोली पाहून देतील. तुमी फक्त एक फोन मारा."

माझ्या हातातला पेढा विरघळू लागला. "त्यापेक्षा हॉटेल बरं," मी म्हणालो.

"काहून?"

"पोराला मोकळेपणा राहतो."

"तुमी उतरले तवा मोकळेपणा नोयता का?"

मी फोन केला नाही. सदाशिवरावांनी दोन वेळा आठवण केली, तीन वेळा केली. मी कधी रेंज नाही म्हणालो, कधी लुकमान गावाला गेला म्हणालो. सदाशिवरावांचं येणं कमी झालं. वहिनींची भाजीची वाटी यायची बंद झाली. पोराचं जाणं जवळ आलं तसं मला वाटायला लागलं की हा मुलगा बॅग घेऊन त्या गोठ्यात जाऊन उभा राहील आणि त्याच्या अंगावरही कोणी कोट चढवील. शेवटी एका संध्याकाळी मी नाली ओलांडून समोर गेलो. सुग्राबी सोबत आली.

मी सगळं सांगितलं. तंबू सांगितला, कोट सांगितला, हातावर ठेवलेली नाणी सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कमी शब्दांत सांगितलं. रजईवरचा तेलाचा डाग केवढा, ते हातानं दाखवलं.

सदाशिवराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, "झालं?"

"झालं."

"सर, त्या दिवशी तुमी वाचनालयात बोलले, तवा मी पैल्या ओळीत होतो. शाल म्या दिली तुमाले. आता पोरगा जायची वेळ आली तं माणूस खराब झाला का? सरळ सांगा ना, आमचा पोरगा तिकडं गेलेला तुमाले पाहवत नाई."

"सदाशिवराव, देवाशप्पथ."

"भाभी," ते सुग्राबीकडे वळले, "तुमी सांगा. तुमी कधी खोटं नाई बोलत. लुकमाननं तिथं तुमाले नीट वागवलं का नाई?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नीट वागवलं," ती म्हणाली. "सगळ्याईसमोर माझ्या खिचडीची तारीफ केली त्यानं."

सदाशिवराव माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. वहिनी आत निघून गेल्या. खिचडीचं खरं काय ते मी त्याच क्षणी सांगू शकलो असतो. पण ती शेजारी बसली होती, आणि खिचडी तिची होती. "तुमचं बरोबर आहे सदाशिवराव," मी म्हणालो. "जळतो मी." आणि उठलो.

घरी येऊन मी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. शेवटी राहवलं नाही.

"तुले एक सांगतो," मी म्हणालो. "तारीफ नोयती ती. तो खिचडी..."

"बकरीले घालत होता," सुग्राबी म्हणाली. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही. "मी दुसऱ्याच दिवशी पायलं. अंगणातून दिसते ना ती खिडकी."

मी पंखा बंद केला. "मंग रोज कायले बनवत होतीस?"

"बंद केली असती तं त्याले समजलं असतं, की आपल्याले समजलं. बिमार माणूस, परका मुलुख. शरमिंदा झाला असता." तिनं एक जून देठ बाजूला टाकला. "शादाबच्या हातानं ब्रेड-आमलेट पाठवत होती, गॅरेजवरचं म्हणून. ते खात होता बरोबर. त्यानंच उठून बसला."

"आणि हे सदाशिवरावांपुढं काहून नाई सांगतलं? मले खोटं पाडलं तू."

"आपल्या घरी राह्यलेला माणूस हाय जी तो. कसाबी असला." मग म्हणाली, "तुमाले नोयतं सांगायचं. तुमी त्याले एवढ्या हौसेनं अ-आ शिकवत होते."

बाहेर अंधार पडत होता. समोर सदाशिवराव ओट्यावर आले, त्यांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि आमच्या बाजूची खिडकी ओढून लावली. ती मात्र आम्हाला समजावं म्हणूनच लावली होती.